फाईलच्या पिशवीत एक चित्रवही

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाच्या सोबतीला तुम्ही दवाखान्यात जात असाल, तर हे आवाहन तुम्हाला आहे. रुग्णाला नंतर वाचून दाखवा, पण आधी तुम्ही वाचा. कारण ती पिशवी तुम्हीच भरता. फाईल, रिपोर्ट, आधार कार्डाच्या झेरॉक्स, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा. त्यात आणखी दोन वस्तू टाका असं माझं सांगणं आहे : एक चित्रकलेची वही आणि जाड तेलखडूंची एक पेटी. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात दोनेकशे रुपयांत काम होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यानं गाठ विरघळत नाही. चित्रं काढून कॅन्सर बरा करतो असं कुणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांचं काम त्यांनीच करायचं. रंगांचं काम छोटं आहे. अंगातला थकवा थोडा हलका होतो, छातीतली धडधड थोडी उतरते. ज्यांनी हे दोन्ही जवळून पाहिलं आहे, त्यांना ‘थोडा’ म्हणजे किती मोठं ते सांगावं लागणार नाही.

थकव्याबद्दल घरच्यांचा गैरसमज फार. ‘दिवसभर पडूनच तर असते, मग दमते कशानं?’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे. कामानं येणारा शीण रात्रभर झोपलं की जातो. कॅन्सरचा आणि त्याच्या उपचारांचा थकवा झोपेनं जात नाही. आंघोळ करून आल्यावर केस पुसायला हात वर जात नाहीत. समोरच्यानं दोन मिनिटं बोललेलं लक्षात राहत नाही. त्याची कारणंही अनेक असतात. रक्त कमी झालेलं असतं, जेवण जात नाही, दुखण्यानं झोप लागत नाही, थायरॉईड बिघडलेलं असतं, औषधांचा परिणाम असतो, मन खचलेलं असतं. म्हणून चित्रवही काढण्याआधी डॉक्टरांना थकव्याबद्दल स्पष्ट सांगा. ‘होतच असतं’ म्हणून गप्प बसू नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर उपाय आहे, दुखण्यावर आहे, झोपेवर आहे. आणि डॉक्टर परवानगी देत असतील तर रोज थोडं चालणं. थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा आजही व्यायामाचाच आहे. दमलेल्या माणसाला चालायला सांगणं उलटं वाटतं, पण ते खरं आहे.

धास्तीचं तसं नसतं. ती वाट पाहण्यात वाढते. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, पेट स्कॅनची तारीख पुढे गेलेली असते, ओपीडीत नंबर सत्तरावा असतो. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतं. मशीनखाली जातात काही मिनिटं, बाकीचा दिवस रिकामा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये 1941 पासून देशभरातून माणसं येतात. गावाकडून आलेली कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीत, नाहीतर जागा मिळेल तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. तिथे दुपारी दोन ते पाच या वेळात माणूस काय करतो? मोबाईलवर नको ते व्हिडिओ पाहतो, शेजारच्या खाटेवरच्याची केस ऐकतो, आणि रात्री तीच केस आपली म्हणून डोळ्यांपुढे येते. चित्रवही या तासांसाठी आहे.

आजारपणात चित्र काढायची कल्पना नवी नाही. एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार 1938 मध्ये क्षयानं आजारी पडून सॅनेटोरियममध्ये होता. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं, तशातलंच एक, इंग्लंडात ससेक्समध्ये. पडल्यापडल्या तो खाटेजवळच्या वस्तू रेखाटू लागला, त्याला बरं वाटलं, मग त्यानं इतर रुग्णांच्या हातात पेन्सिली दिल्या. पुढे त्यानं यावर पुस्तक लिहिलं, ते 1945 मध्ये आलं. आज पाश्चात्त्य देशांत कला-उपचार हा शिकून करायचा व्यवसाय आहे.

तपासणीही झाली आहे. शिकागोच्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या 50 कॅन्सर रुग्णांना प्रत्येकी सुमारे तासभर कला-उपचारक भेटला. आधी आणि नंतर त्यांनी आपल्या नऊ त्रासांना गुण दिले. आठ त्रास कमी झाले, त्यात थकवा होता, चिंता होती, दुखणंही होतं. कमी झाली नाही ती मळमळ. हा अभ्यास 2006 मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी इस्रायलमधून केमो घेणाऱ्या 60 जणांचा अभ्यास आला. जे चार किंवा जास्त वेळा रंग घेऊन बसले त्यांची उदासी आणि थकवा उतरला. एकदोनदा बसून गेलेल्यांचं तसं झालं नाही. चिंतेबद्दल मात्र त्यांना काही सांगता आलं नाही, कारण त्या रुग्णांची चिंता सुरुवातीलाच फारशी वाढलेली नव्हती. अभ्यास लहान आहेत. शिकागोच्या अभ्यासात तर तुलनेला दुसरा गटच नव्हता. तासभर कुणी मायेनं जवळ बसलं, त्याचाही त्यात वाटा असेल. मला विचाराल तर असू दे. तसं बसणारं माणूस तुम्ही व्हावं, एवढ्यासाठीच तर हे लिहितो आहे.

आता खरी अडचण. वही पुढे केलीत की उत्तर येणार : ‘मला कुठे चित्र येतं?’ मी शाळेत चित्रकला शिकवत आलो, त्यामुळे या उत्तराचं मूळ मला माहीत आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, एलिमेंटरी, इंटरमिजिएट. ज्याला ‘ए’ ग्रेड मिळाली तो चित्रकार आणि बाकीच्यांनी पुन्हा ब्रशला हात लावायचा नाही, असा आपल्याकडे जणू कायदाच आहे. साठीच्या माणसाच्या मनात अजून तो तास चालू असतो. फिलाडेल्फियात 2016 साली 39 निरोगी प्रौढांना पाऊण तास हवं ते करायला दिलं, माती, कागद, रंग, काहीही. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. चारांतल्या तिघांचं उतरलं होतं. आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फरक पडला नाही. हे रुग्ण नव्हते, मान्य. पण ‘मला येत नाही’ला एवढं उत्तर पुरे आहे.

म्हणून ‘चित्र काढ’ असं म्हणूच नका. बाईमाणूस असेल तर विचारा, पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी आठवते का. वहीच्या पानावर स्केचपेननं ठिपके मांडून द्या आणि गप्प बसा. ज्या हाताला चित्र येत नव्हतं तो हात ठिपके जोडू लागतो, मध्येच थांबतो, चुकलं म्हणतो, ‘आमच्या आत्याबाई वेगळी काढायच्या’ असं काहीतरी सुरू होतं. जमिनीवर वाकायला नको, पाटावर किंवा मोठ्या ताटाच्या पालथ्या बाजूवर वही ठेवली की खाटेवर बसून होतं. रांगोळीची भुकटी मात्र नको, तिची धूळ नाकातोंडात जाते.

शेतकरी असेल तर सांगा, तुमच्या वावराचा नकाशा काढा. बांध कुठे, विहीर कुठे, गोठा, आंब्याचं झाड, पाटाचं पाणी कुठून येतं. ट्रकचालकाला रस्ता काढायला सांगा, कुठला घाट, कुठला ढाबा. शिंप्याला कापडावरची नक्षी. लोकांना आपला परिसर काढता येतो. फक्त त्याला चित्र म्हणायचं असतं हे माहीत नसतं. आणि तेही नको असेल, तर औषधाच्या बाटलीचं झाकण कागदावर ठेवून भोवती गोल काढायचा, असे दहाबारा गोल, मग त्यात रंग भरायचे. यात कसलीच कला नाही. पण कुठला रंग घ्यायचा हे त्यानं ठरवायचं. केमोची तारीख दवाखाना ठरवतो, शीर नर्स शोधते, पथ्य घरचे सांगतात, कपडे काढायचे की नाही हे तंत्रज्ञ सांगतो. हिरवा की जांभळा, हे विचारणारं त्या आठवड्यात दुसरं कुणी नसतं.

आणखी एक प्रकार मला फार उपयोगाचा वाटतो. माणसाच्या शरीराची साधी बाह्यरेषा काढून द्या, लहान मुलं काढतात तशी, आणि म्हणा : कुठे कसं वाटतंय ते रंगानं भर. पाय राखाडी होतात, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके येतात, पोटात गिचमीड. ते पान फाईलला लावा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘कसं आहे?’ याला ‘बरं आहे’ म्हणणारी आपली माणसं कागदावर जास्त खरं बोलतात. बोटांवरचे ते लाल ठिपके म्हणजे केमोनं नसांवर झालेला परिणाम असू शकतो, आणि तो डॉक्टरांना वेळेवर कळायला हवा.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्रीनं तो आपल्या घराघरांत आणला आहे. जबड्याचं किंवा जिभेचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं बोलणं जातं किंवा कळेनासं होतं. दोनदा सांगूनही समजलं नाही की तो हात झटकतो आणि भिंतीकडे तोंड करतो. त्याला पाटी-पेन्सिल देतात ती ‘पाणी’, ‘दुखतंय’ एवढं लिहायला. ज्याला लिहिता येत नाही त्याचं काय? आणि ज्याला येतं त्यालाही ‘मला पोरांची काळजी वाटते’ हे पाटीवर लिहवत नाही. अशा माणसाच्या हाती रंग द्या आणि कशाचीही अपेक्षा न ठेवता बाजूला बसा. तो आधी नुसत्या रेघा ओढेल. कागद फाटेस्तोवर दाबून ओढेल. ओढू द्या.

इथे तुमची परीक्षा आहे, कारण सोबतीचं माणूस दोन चुका हमखास करतं. पहिली, ‘वा, किती छान!’ स्तुती झाली की पुढचं पान छान काढायची जबाबदारी येते, आणि जबाबदाऱ्या त्या माणसाकडे आधीच पुष्कळ आहेत. दुसरी, अर्थ लावणं. काळा रंग घेतला म्हणजे मरणाचा विचार करतेय, असं काही नसतं. काळा खडू हाताशी असतो, किंवा गडद उठतो, किंवा आवडतो. विचारायचंच असेल तर ‘यात काय आहे, सांगाल?’ एवढं विचारा, आणि नाही सांगितलं तर पुढच्या कामाला लागा. चित्राचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. त्या पानावर काय उतरलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. चुलत दिराचे अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजी तिथे शोभत नाहीत. आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य निदान त्या वीस मिनिटांत तरी उच्चारू नका. रडू आलं तर रडू द्या, पाण्याचा पेला जवळ ठेवा.

हो, वीस मिनिटं. जास्त नको. दमण्याआधी थांबायचं, वही मिटायची. दिवसातला बरा वेळ कुठला ते दोनचार दिवसांत तुमच्या लक्षात येईल. बऱ्याच जणांचा तो सकाळचा असतो. केमोनंतरचे वाईट दिवस वगळा. नको म्हणाले तर वही परत पिशवीत. ‘मी एवढं आणलं आणि तू’ हा सूर लागला की तो आणखी एक उपचार झाला, लादलेला.

काळजी घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या चुकवू नका. सलाईन ज्या हाताला लावलंय त्या हातानं काही करायचं नाही; डावा हात मोकळा असेल तर डाव्यानं रेघोट्या माराव्यात, चित्र वाईट येईल याची भीतीही त्यानं आपोआप जाते. पांढऱ्या पेशींचे काऊंट कमी झाले असतील तेव्हा कुंडीतली किंवा शाडूची माती नको, मातीतल्या बुरशी-जंतूंचा धोका असतो. प्लेटलेट कमी असतील तर कात्री, सुई, कटर नको. चिकटचित्रासाठी कागद हातानंच फाडावा, फाटलेल्या कडा दिसायलाही बऱ्या दिसतात. टर्पेंटाइनचे तैलरंग आणि उग्र वासाचे मार्कर मळमळ वाढवतात, ते घरी ठेवा. बोटं बधिर झाली असतील तर बारीक पेन्सिल धरवत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच जाड खडू म्हटलं. पेन्सिलीवर कापडाची पट्टी गुंडाळली तरी चालतं. ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल तर गार पाण्याला हात लागला की बोटांत मुंग्या आणि कळा येतात, तेव्हा ब्रश तुम्ही धुवा, किंवा कोमट पाणी द्या. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. कागद भिंतीवर लावून हात वर धरून रंगवणं टाळा, हात उशीवर ठेवून काम करा. खडू एकमेकांत वाटू नका, प्रत्येकाची पेटी वेगळी. आणि केमो चालू असताना ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर वही, रंग, जेवण सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखान्याला फोन. हे कलेशी संबंधित नाही, पण लिहायला मिळालंय तर लिहून घेतो.

थोर चित्रकार आँरी मातीसची गोष्ट अशा वेळी लोक सांगतात. 1941 मध्ये त्याच्यावर पोटाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं, त्यानंतर उभं राहून चित्र काढणं जड जाऊ लागलं, तेव्हा तो अंथरुणात नाहीतर चाकांच्या खुर्चीत बसून रंगवलेले कागद कात्रीनं कापू लागला आणि त्यातून अख्खी नवी कला उभी राहिली. गोष्ट खरी आहे. पण ती तुमच्या काकांना सांगू नका. मातीस आधीपासूनच मातीस होता. काकांना दुपार काढायची आहे.

घरी बसून रंग भरणं आणि शिकलेल्या कला-उपचारकासोबत बसणं, यांत फरक आहे हेही सांगायला हवं. तुम्ही जे कराल त्यानं मन विसावतं. उपचारक त्यापुढे जातो. वर आलेली भीती कशी हाताळायची, कुठे थांबायचं, कुठल्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. आपल्याकडे अशी माणसं फार थोडी आहेत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्करचा विभाग असतो, तिथे जाऊन विचारा : समुपदेशक आहेत का, रुग्णांसाठी चित्राचे, हस्तकलेचे तास होतात का, त्यासाठी कुठली संस्था येते. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून काम करते आहे, व्ही केअर फाउंडेशन 1994 पासून. रुग्णांना आणि घरच्यांना आधार देणं हेच त्यांचं काम. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि माणूस जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, ‘आता नको हे सगळं’ असं पुन्हापुन्हा म्हणू लागला, तर रंगांवर विसंबून राहू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळते. तो फोन रुग्णासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे. रात्री तीनला दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही धास्ती असतेच. तुम्हीही एक पान घ्या. त्याच वहीतलं, शेजारी बसून. रुग्णाकडे बघत राहण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं जातं.

शेवटची विनंती माझ्या व्यवसायबंधूंना. निवृत्त चित्रकला शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि दुपारी आपल्याला फारसं काम नसतं. जवळच्या कॅन्सर रुग्णालयाच्या किंवा धर्मशाळेच्या कार्यालयात जा, लेखी परवानगी घ्या, आठवड्यातला एकच वार ठरवा आणि तो चुकवू नका, कारण रुग्ण त्या वारावर डोळा ठेवून असतात. परिप्रेक्ष्य, छायाप्रकाश, प्रमाण हे सगळं घरी ठेवून जा. कुणाची रेघ दुरुस्त करू नका. कुणाला कुठला कॅन्सर आहे, कितवी स्टेज आहे, हे विचारू नका. फोटो नाहीत, स्थानिक वर्तमानपत्रात बातमी नाही, सभागृहात प्रदर्शन नाही. काढलेलं चित्र ज्याचं त्याचं. त्यानं ते चुरगाळून टोपलीत टाकलं तरी उचलून सरळ करायचं नाही. खाटेपाशी जाण्याआधी हात साबणानं धुवा, मास्क लावा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नका; वॉर्डात फोन करून निरोप ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात जा.